बारदानाच्या भिंती

आमच्या घरातल्या स्लॅबच्या खोलीला मी आतून जे अस्तर लावलं, ते सूड म्हणून लावलं. संगीताच्या आवडीपोटी लावलं असं मी लोकांना सांगतो आणि ऐकणाऱ्यांना ते बरंही वाटतं. पण लिहिताना खोटं कशाला लिहू? परभणीतल्या एका स्टुडिओवाल्यानं माझ्या वडिलांचं गाणं घेतलं आणि त्या गाण्यातून वडिलांनाच काढून टाकलं. ते गाणं बाबांच्या आवाजात, त्याच्या रेकॉर्डिंगपेक्षा चांगलं करून लोकांसमोर आणायचं आणि त्याला मान खाली घालायला लावायची, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

आमचं गाव पेडगावच्या बाजूला. बाबा मजुरीला जातात, थोडा जमिनीचा तुकडा आहे तो करतात, आणि गावच्या गायन पार्टीत मुख्य गायक आहेत. एप्रिलात, जयंतीच्या महिन्यात, पार्टीला आसपासच्या गावांतून बोलावणं असतं. बाबा जेमतेम चौथी शिकले. गाणी ते लिहीत नाहीत, खुरपताना तोंडातच रचतात आणि तोंडातच ठेवतात. घरातला पहिला पदवीधर मी. वसतिगृहातलं जेवण, शिष्यवृत्ती, जुनी पुस्तकं देणाऱ्या एक बाई, रात्रभर गाऊन सकाळी कामावर जाणारे बाबा, या सगळ्यांच्या जिवावर मी बी.एस्सी. आणि मग एम.एस्सी. झालो. आता एका ज्युनियर कॉलेजात तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवतो. ज्यांनी मला दिलं त्यांना मी विसरत नाही. ज्यानं हिसकावून घेतलं तोही माझ्या तितकाच लक्षात राहतो.

ते गाणं माझ्या आजीवर होतं. दुसऱ्याच्या रानात निंदायला जाताना ती बाबांना शाळेच्या दारात सोडायची. संध्याकाळी आली की स्वतःला एक अक्षर कळत नसताना पाटी हातात घ्यायची आणि त्यांना म्हणायची, "वाच." बाबांनी त्या 'वाच'वरच गाणं बांधलं होतं. गावोगाव लोक ते दोनदा-तीनदा म्हणायला लावायचे. पार्टीतल्या लोकांना वाटलं, आता हे रेकॉर्ड करू.

आम्ही सगळे एका टमटममध्ये बसून परभणीला गेलो. स्टुडिओवाला माझ्याहून थोडा मोठा असेल. त्यानं आधी ढोलकी आणि बाकी वाद्यं घेतली, मग कोरसवाल्यांना बाहेर बसवलं आणि बाबांना एकट्याला काचेच्या पलीकडे उभं केलं. डोक्यावर हेडफोन. बाबांची सवय अशी की गाताना डावा हात कानावर, आणि तोंड ढोलकीवाल्या काकांकडे. गेली कित्येक वर्षं ते तसेच गातात.

"मामा, कानावरचा हात काढा. हेडफोन दाबायलाव तुमी."

"हात काढला की सूर सुटतो, सर."

"मग सूर घरीच ठिवून यायचा ना."

काचेच्या अलीकडे त्याची दोन माणसं हसली. बाबाही थोडं हसले, कारण त्यांना वाटलं हसायला पाहिजे. त्या दिवशी त्यानं एकच कडवं पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं, आणि दर वेळी बाबांचा आवाज आधीपेक्षा बारीक होत गेला. शेवटी तो म्हणाला, "आवाजात लय खेडं हाय, मामा. बघू काय करता येतंय. पुढच्या आठवड्यात फोन करा."

पुढच्या आठवड्यात त्यानं फोन उचलला नाही. त्यानंतरही नाही.

जयंतीच्या मिरवणुकीत ट्रकवरच्या साउंडवर ते गाणं वाजलं. तीच चाल, तेच शब्द, ढोलकीसुद्धा आमच्या काकांचीच. आवाज तेवढा दुसरा. तो स्टुडिओवाल्याच्या पुतण्याचा होता हे नंतर मोबाइलवर कळलं. गीत, संगीत, गायन, तिन्ही ठिकाणी पुतण्याचंच नाव. मिरवणुकीत कोणीतरी बाबांना म्हणालं, "अहो, हे तर तुमचंच गाणं हाय की."

"व्हय," बाबा म्हणाले. "बरं वाटायलंय का ऐकायला?"

त्यानंतर बाबा गायचे बंद झाले. भांडले नाहीत, कुणाला काही बोलले नाहीत. पार्टीतून निरोप आला की घसा बसलाय म्हणायचे. मायला ते जास्त जाणवायचं. ती म्हणायची, "घरात माणूस हाय का न्हाई, ते कळंना झालंय."

मी एकदा त्या स्टुडिओवाल्याकडे गेलो. नीट कपडे घालून, कॉलेजातून परस्पर. मला वाटलं शिकलेल्या माणसानं समजावून सांगितलं तर तो ऐकेल. त्यानं खुर्ची दिली, चहाही मागवला.

"सर, तुमी शिकलेले माणसं," तो म्हणाला. "गाणी हवेतनं येत असतात. हवा काय कुणाच्या बापाची असती का?"

 माझी नजर त्याच्या भिंतींवर होती. अंड्यांचे ट्रे काळ्या रंगात रंगवून छतापर्यंत चिकटवलेले, खाली तपकिरी गालिचा. बोलता बोलता मी जोरात एक टाळी वाजवली. वरचा कडक आवाज ट्रेंनी गिळला, पण खालचा जाड आवाज कोपऱ्यात जाऊन घुमला आणि तिथंच रेंगाळला.

"काय झालं?"

"डास होता."

बाहेर पडलो तेव्हा मला बी.एस्सी.च्या निकालाच्या दिवशी झाला नव्हता इतका आनंद झाला होता. त्याची खोली खराब होती. पुठ्ठ्याचे पातळ ट्रे जाड आवाजाचं काहीच करू शकत नाहीत, आणि हे त्याला ठाऊक नव्हतं. बाबांच्या आवाजात खेडं आहे म्हणणाऱ्याच्या स्वतःच्या कोपऱ्यात काय आहे, ते मला ठाऊक झालं होतं. त्याच दिवशी ठरवलं की त्याच्यापेक्षा चांगली खोली मी घरी करणार.

दिवाळीच्या सुट्टीत काम काढलं. स्लॅबच्या खोलीतलं कपाट आणि सोयाबीनची पोती बाहेर काढली. रिकाम्या खोलीत टाळी वाजवली तर दोन भिंतींच्या मध्ये ती टर्र करत धावायची. मी मोबाइलवर वाचलं, कॉलेजच्या ग्रंथालयातलं ध्वनीवरचं पुस्तक पुन्हा काढलं. लाकडी पट्ट्यांच्या चौकटी करायच्या, आत जाड मऊ काहीतरी भरायचं, वर श्वास घेणारं कापड ताणायचं, आणि भिंतीपासून चार बोटं सोडून टांगायचं. मोठ्या शहरात चौकटीत भरायला दगडाच्या लोकरीच्या पाट्या मिळतात. आमच्याकडे कापूस मिळतो. कापड म्हणून बारदान.

आता यात जी चूक झाली ती आमच्याच भागातला माणूस करू शकतो. मागच्या वर्षीच्या शेवटच्या वेचणीचा कवडी कापूस घरात पडून होता, व्यापारी त्याला हात लावत नाही असा. मला वाटलं, घरचाच माल आहे, भरा. सरकीसकट भरला. दाभण आणि सुतळी घेऊन बसलो आणि एकेक चौकट शिवली. दाभण बारदानात खुपसताना दर वेळी त्या स्टुडिओवाल्याचं तोंड आठवायचो. हाताला घट्टे पडले तेही मला आवडले.

थोड्याच दिवसांत भिंतीतून खुडखुड सुरू झाली. सरकी खायला उंदीर आले होते. एका चौकटीत तर पिल्लं निघाली. माय दारात उभी राहून बघत होती.

"कामून रे," ती म्हणाली, "उंदरांना बारा महिन्यांची शिदोरी टांगून ठिवलीस का?"

गावात ही गोष्ट जायला वेळ लागला नाही. ढोलकीवाले काका रस्त्यात भेटले की विचारायचे, "मास्तर, तुमचे उंदीर सुरात हायत का?" मी हसायचो, पण आतून जळायचो, कारण मला वाटायचं हे हसणं फिरत फिरत परभणीपर्यंत जाईल. सगळ्या चौकटी उसवल्या. कापूस गाठोड्यात बांधला आणि शहरातल्या एका गादीवाल्याला देऊन त्याच्याकडून जुन्या गाद्यांचा पिंजलेला कापूस आणला. सरकी नाही, आणि दाबला तरी पुन्हा फुलणारा. पुन्हा भरलं, पुन्हा शिवलं.

चौकटी कुठं टांगायच्या यासाठी आरशाची एक सोपी रीत असते. आपण स्पीकरसमोर बसायचं आणि दुसऱ्यानं भिंतीवरून आरसा सरकवत न्यायचा. जिथं आरशात स्पीकर दिसेल तिथून आवाज उडून आपल्या कानावर येतो. तिथं चौकट लावायची. मी मायच्या हातात आरसा दिला.

"सरकव हळूहळू. थांब. आता मागं."

"मला माझंच तोंड दिसायलंय."

"तू बघू नको, मी बघायलोय."

"लगनात सुदिक इतक्या येळा आरसा बघितला नव्हता मी," ती म्हणाली, पण पूर्ण भिंत तिनं नीट केली. प्रत्येक जागी कोळशानं फुली मारली.

मी मात्र फुल्यांवर थांबलो नाही. कोपऱ्यांमध्ये जमिनीपासून छतापर्यंत जाड खांबच उभे केले, त्या माणसाच्या कोपऱ्यातला घुमणारा आवाज आठवून. मग उरलेल्या भिंती झाकल्या. मग छत. त्याच्याकडे एक बोटभर जागा उघडी नव्हती, तर माझ्याकडेही नको. त्याचं पातळ, माझं जाड. खोली पूर्ण झाली तेव्हा आत टाळी वाजवली तर ती हातातच मरायची. मला वाटलं, जिंकलो.

बाबांना आत आणायला बरेच दिवस गेले. शेवटी मायच बोलली, "पोरानं घर कापसात बुडविलंय. एक ओळ म्हणा, मग हवं तर पुन्हा गप बसा."

ते आले. मी माइक लावला, हेडफोन दिला. त्यांनी पहिली ओळ सुरू केली, अर्ध्यात थांबले, खाकरले, पुन्हा सुरू केली. मग हेडफोन काढून हातात धरला.

"काय झालं?"

"आवाज तोंडातनं निघतो अन् तिथंच पडतो. समोर कोणी न्हाईच असं वाटायलंय."

"बाबा, रेकॉर्डिंगच्या खोलीत असंच असतं. हे त्याच्यापेक्षा चांगलं आहे. तुम्हाला सवय नाही म्हणून."

त्यांनी चारी बाजूंनी बघितलं. "मग त्याच्यात अन् तुझ्यात फरक काय हाय, ते तर सांग," ते म्हणाले आणि बाहेर जाऊन गोठ्यात बसले.

ते वाक्य मला त्या माणसाच्या सगळ्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. मी दार लावून आत बसलो. एवढ्या शांत खोलीत माणसाला स्वतःचा श्वास ऐकू येतो, आणि माझा श्वास रागाचा होता. मी खोली बाबांसाठी केली नव्हती, त्या माणसाला हरवण्यासाठी केली होती, आणि म्हणून ती त्याच्याच खोलीसारखी झाली होती. ध्वनीचा धडा मी दर वर्षी शिकवतो. आवाज कठीण भिंतीवर आपटून परत येतो, हे पोरांकडून पाठ करून घेतो. बाबा जन्मभर त्या परत येणाऱ्या आवाजाला धरून गात होते. देवळाच्या पारासमोर, विहाराच्या भिंतीसमोर, माणसांच्या घोळक्यासमोर. कानावरचा हातही त्यासाठीच. आणि मी परत येणारं सगळं बारदानात शिवून टाकलं होतं.

राग गेला नाही. पण तो आता बरोबर जागी लागला. मी पक्कड घेतली आणि बाबांच्या समोरची पूर्ण भिंत मोकळी केली. छतावरचं अर्धं उतरवलं. कोपऱ्यातले खांब ठेवले, माइकच्या मागची जाड चौकट ठेवली, मायनं फुल्या मारलेल्या जागा ठेवल्या. आता टाळी वाजवली की समोरून एक छोटं, स्वच्छ उत्तर यायचं आणि लगेच संपायचं. हेडफोन गुंडाळून ठेवला. दुसऱ्या दिवशी ढोलकीवाल्या काकांना आणि कोरसला निरोप दिला की सगळे एकत्र, एकाच खोलीत, बाबांच्या समोर बसून गायचं.

आमच्याकडे रेकॉर्डिंगची वेळ वीज कंपनी ठरवते. वीज असली की शेजारची पिठाची गिरणी चालू आणि घराघरांत पंखे. दुपारी वीज गेली की सगळं गप्प होतं. लॅपटॉप आणि माइक बॅटरीवर. म्हणून वीज जाण्याची वाट बघत आम्ही दारात बसायचो, आणि गिरणी बंद पडली की सगळे आत पळायचे. दाराच्या फटीत मायची गोधडी. आत हवा नाही, मार्चचं ऊन स्लॅबवर.

"मास्तर," घाम पुसत काका म्हणाले, "गाणं रेकॉर्ड करायलास का आमाला उबवायलास?"

"पिल्लं निघाली तर उंदरासंगट ठिवू," बाबा म्हणाले. त्यांनी चेष्टा केली, हे मी किती तरी महिन्यांनी ऐकत होतो.

मग त्यांनी डावा हात कानावर नेला, काकांकडे तोंड केलं आणि गायला लागले.  मी लॅपटॉपच्या पडद्यावर हलणारी आवाजाची रेघ बघत राहिलो. 'वाच' शब्दावर कोरसनं उचललं, समोरच्या मोकळ्या भिंतीनं तो परत दिला, आणि बाबांनी त्यावर पुढची ओळ टाकली. वीज परत यायच्या आत गाणं झालं.

पार्टीच्या नावानं आम्ही ते मोबाइलवर टाकलं. गीत आणि गायन म्हणून बाबांचं नाव. आधी आमच्या गावानं पाठवलं, मग पोखर्णीकडून कोणी, मग जिंतूरकडून. जयंतीला मिरवणुकीच्या साउंडवर पोरांनी पुतण्याचं गाणं बंद पाडून हे लावायला लावलं. दोन्ही गाणी ऐकलेले लोक पुतण्याच्या गाण्याखाली विचारायला लागले की हे मूळ कुणाचं. मी एकालाही उत्तर दिलं नाही. रोज उठून ते प्रश्न मात्र वाचायचो, आणि चहा गोड लागायचा. मग कळलं की दोन गायन पार्ट्यांनी त्याच्याकडे ठरलेलं रेकॉर्डिंग रद्द केलंय. त्यातली एक पार्टी माझ्याकडे आली. मी त्यांच्यासाठी कोरसची सतरंजी अंथरली तेव्हा मनातल्या मनात त्या माणसाच्या रिकाम्या खोलीचं दार लावत होतो.

एप्रिलच्या शेवटी तो स्वतः आला. दुपारी, मोटारसायकलवर, हातात मिठाईचा डबा. मी ओट्यावर होतो, बाबा दारातल्या सावलीत खाटेवर. मला भीती त्याची नव्हती, बाबांची होती. बाबा दारात आलेल्या माणसाला कधी कडू बोलत नाहीत. आता हे 'जाऊ द्या सर' म्हणणार आणि सगळं पाण्यात जाणार, असं मला वाटलं.

"मामा, जे झालं ते झालं," तो म्हणाला. "आमी असं करू, त्याच्यात तुमचं नाव टाकू. गीतकार म्हणून. एकदम वर, पहिलं नाव."

"नाव नको," बाबा म्हणाले.

"मग काय म्हणता?"

"काढून टाका ते गाणं."

"काढतो ना. घरी गेलो की पुतण्याला सांगतो."

"आत्ताच काढा. मोबाइलवर टाकायचं-काढायचं तुमीच करता ना ते सगळं? माझं पोरगं सांगत होतं."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं खिशातून मोबाइल काढला, वर धरला, खाली धरला. "इथं रेंज दिसंना."

"इथं नसती," बाबा शांतपणे म्हणाले. "तिकडं अंगणात मधोमध जा. तुळई पडलीय ना, तिच्या पलीकडं. न्हाई, झाडाखाली न्हाई येत. उन्हात. हां, तिथं."

तो गेला. परभणीचं एप्रिलचं ऊन काय असतं हे इथं राहणाऱ्याला सांगायला नको. त्यानं डोक्यावर रुमाल टाकला. पासवर्ड चुकला, पुतण्याला फोन लावला, पुतण्या झोपेत होता, पुन्हा लावला. त्याचा शर्ट पाठीला चिकटला. बाबा खाटेवर मांडी घालून बघत होते. मध्येच एकदा म्हणाले, "जरा डाव्या अंगाला सरका, येईल." तो सरकला. आत माय पदर तोंडाला लावून उभी होती. मी माझा मोबाइल ओट्यावर उलटा करून ठेवला.

शेवटी तो मोबाइल घेऊन आला आणि बाबांना दाखवला. बाबांनी तो माझ्याकडे दिला. मी शोधून बघितलं. गाणं नव्हतं.

"पाणी दे गं सरांना," बाबांनी आत सांगितलं. तो दोन तांबे पाणी प्यायला. खोली बघू का, असं त्यानं विचारलं. बाबा म्हणाले, आत पोरं झोपलीत. आमच्या घरात झोपण्याएवढी लहान पोरं नाहीत. मिठाईचा डबा बाबांनी त्याच्या गाडीच्या हँडलला परत अडकवून दिला आणि फाट्यापर्यंतचा चांगला रस्ता कोणता ते सांगितलं.

त्याच्या गाडीची धूळ खाली बसली. मग मी म्हणालो, "बाबा, रेंज तर ओट्यावरबी येती. खाटेवरबी येती."

बाबांनी उशाचा रुमाल झटकला आणि खाटेवर आडवे झाले.

"मला काय माहीत रेंजचं," ते म्हणाले. "मी कुठं शिकलोय."